फळीवरून वर गेलेलं सिमेंट

आत्याला गावी घेऊन गेले ती तिच्याच हट्टापायी. महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय हे तिला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं, आणि काम पुरं व्हायच्या आत एकदा जुनं देऊळ डोळ्यांखालून घालायचं तिनं पक्कं केलं होतं. देऊळ यादवांच्या काळातलं असावं. खालचं सगळं काळ्या दगडाचं, वरचं शिखर मात्र पुढे कधीतरी विटा-चुन्यात चढवलेलं. जोतं कमरेला लागेल एवढं उंच. पाच पायऱ्या, त्यातल्या मधल्या दोन पावलांनी झिजून खोलगट झालेल्या. गुडघे गेल्यापासून आत्या चाकाच्या खुर्चीत असते, त्यामुळे पायऱ्यांपाशी आम्ही थांबलो. डाव्या अंगाला गवंड्यांनी जाड फळ्यांचा उतार टाकलेला होता. पाय घसरू नये म्हणून त्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, आणि दोन पोरं त्यावरून सिमेंटच्या गोण्यांची ढकलगाडी रेटत वर नेत होती. मी त्यातल्या एकाकडे पाहिलं, त्यानं खुर्चीकडे पाहिलं आणि न बोलताच गाडी बाजूला घेतली. तेवढ्यात मंडपातून कमिटीतले एक काका खाली आले. "नको नको, ती फळी कामासाठी टाकलीय," ते म्हणाले. "आक्का, तुम्ही आपल्या खालूनच हात जोडा. देव काय, सगळीकडं असतो." त्यांच्या आवाजात आपुलकीच होती. आतून अंगारा आणून त्यांनी स्वतः तिच्या कपाळाला लावला. आत्यानं हात जोडले, मान तिरकी करून नंदीच्या शिंगांमधून पिंड दिसते का पाहिलं. खुर्चीच्या उंचीवरून मधे खांबच येत होता.

सिमेंट वर गेलं, आत्या खालीच राहिली.

परतताना ती याबद्दल चकार शब्द बोलली नाही. शेतात उभी असलेली ज्वारी, बंद पडलेली शाळेची जुनी इमारत, कुणाची कुठली विहीर, यावरच बोलत राहिली. मला मात्र ती फळी सोडेना. काकांना भीती वाटली असेल तर ती खोटी नव्हती. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर उंचीच्या बारा पट लांबी धरतात. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट. ती फळी त्याच्या तिसऱ्या हिश्शाचीही नसेल, आणि मधेच खुर्ची मागे सरकली असती तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करते. पण नकार देताना काकांच्या तोंडी ही भीती नव्हती. आत्या गाडीत बसल्यावर मी वर जाऊन त्यांना विचारलं, की एवढं काम निघालंच आहे तर बाजूनं एखादा कायमचा उतार का नाही करून घेत? ते म्हणाले, "देऊळ पुरातन आहे ताई. असलं काही केलं की मूळ रूपाला धक्का लागतो." हे आम्ही बोलत होतो तो मंडप गुलाबी आणि पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवलेला होता. पायाखाली चकचकीत फरशी होती. कक्षासनांच्या, म्हणजे मंडपाच्या कडेच्या दगडी बाकांच्या, बाजूनं स्टीलचं रेलिंग लावलेलं, आणि मंडपाच्या पुढे पत्र्याची शेड, तिचे लोखंडी खांब जोत्याच्या दगडात भोकं पाडून रोवलेले. यातल्या एकाही गोष्टीनं मूळ रूपाला धक्का लागला असं गावात कुणाला वाटलं नव्हतं. हे मला तेव्हाही समजलं नाही आणि अजूनही नीट समजत नाही.

मंडपातल्या एका खांबाच्या माथ्यावर, जिथे छताचं ओझं खांद्यावर घेतलेले ते बुटके कीचक असतात, तिथे रंगाचा पापुद्रा सुटला होता. तुटलेल्या कडेला रंगांचे थर दिसत होते. वर गुलाबी, त्याखाली आकाशी, त्याखाली पोपटी, अगदी तळाशी चुन्याचा पांढरा हात आणि मग दगड. प्रत्येक थर म्हणजे एखाद्या यात्रेच्या आधी कुणीतरी श्रद्धेनं दिलेली वर्गणी, हे मला कळतं. पण त्या थरांनी कीचकाचे डोळे भरून गेले होते, बोटं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. पापुद्र्याखाली निघालेल्या दगडात मात्र छिन्नीची एकेक बारीक रेघ अजून धारदार होती. आपला काळा पाषाण घट्ट असतो, ऑइलपेंट त्यात मुरत नाही, वरच बसतो. ते एका अर्थानं बरंच, कारण जपून काढला तर निघतो. पण जपून काढायला वेळ लागतो, माणूस लागतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी यंत्रानं वाळूचा मारा करून एका दिवसात खांब 'स्वच्छ' करतात. रंग जातो, आणि त्याबरोबर ती रेघही जाते. आठशे वर्षं ऊन-पावसात टिकलेली धार एका दुपारी बोथट होते, आणि मग त्या बोथट मूर्तीचे फोटो 'मूळ वैभव परतलं' म्हणून गावभर फिरतात.

कामावरच्या सगळ्यात वयस्क गवंड्याशी त्या दिवशी बराच वेळ बोलत बसले. या गवंडीबाबांनी आयुष्यभर वाड्यांची आणि देवळांचीच कामं केली होती. त्यांनी मला भिंतीतला एक सांधा दाखवला. या देवळाच्या दगडांमध्ये मुळात चुनाच नाही, शुष्कसांधी काम आहे. दगडाला दगड घासून, खाचेत खाच बसवून, फक्त वजनावर भिंत उभी. थोडी हलली तर हलू देते, पाणी शिरलं तर वाट काढून देते. अशा सांध्यात सिमेंट भरलं की भिंतीचा श्वास कोंडतो. पाणी कुठून तरी आत येतंच, पण त्याला बाहेर पडता येत नाही. सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात, पांढरे डाग फुटतात आणि हलायला जागा नसल्यामुळे शेवटी सांधा न फुटता दगडाचीच कड फुटते. आत लोखंडी सळई किंवा पट्टी टाकलेली असेल तर ती गंजून फुगते आणि दगड आतून चिरते. "सिमेंट हलू देत नाही, हीच त्याची खोड," बाबा म्हणाले. वरच्या शिखराला चुना हवा होता. कळीचा चुना विझवायचा, मुरवत ठेवायचा, चुन्याच्या घाण्यात मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचं. लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होतो. हे सगळं त्यांना येत होतं. पण कलशारोहणाचा मुहूर्त ठरलेला होता, चुन्याला तेवढा अवधी नव्हता. बाबांनी बोटांच्या पेरांवर पडलेल्या जुन्या चुन्याच्या भेगा मला दाखवल्या आणि मग उठून सिमेंटचा माल कालवायला गेले.

त्या माणसाला विचारायला कुणीच आलं नव्हतं. कमिटीच्या बैठकीत ठेकेदार होता, नकाशा काढणारा होता, देणगीदार होते. ज्याला दगड कसा श्वास घेतो हे ठाऊक होतं तो दुसऱ्यांनी ठरवलेला माल कालवत होता, आणि जिला आत जायचं होतं ती गाडीत बसली होती. मला वाटतं, देवळं बिघडण्याचं आणि देवळं बंद राहण्याचं कारण एकच आहे, आणि ते या बैठकीत आहे.

कायद्याचा विचार केला तर आपल्याकडे दोन टोकं दिसतात. १९५८ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित झालेली स्मारकं, त्यांच्याभोवती २०१० च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरचं प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे दोनशे मीटरचं नियंत्रित क्षेत्र. तिथे खिळा ठोकायचा तरी परवानगी. त्याखालोखाल १९६० च्या राज्य कायद्याखालची स्मारकं. आणि या दोन्ही याद्यांबाहेर उरतात ती गावोगावची असंख्य देवळं, बारवा, मठ, लेणी, वीरगळ. त्यांचा निर्णय आरतीनंतरच्या अर्ध्या तासात होतो. यादीतल्या देवळाच्या दारात उतार मागितला की 'संरक्षित आहे' हे उत्तर मिळतं, यादीबाहेरच्या देवळात 'पुरातन आहे' हे. २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आला, त्याच्या आदल्या वर्षी डिसेंबरात सुगम्य भारत अभियान सुरू झालं, आणि मोठ्या स्मारकांच्या दारात उतार, ब्रेलमधले फलक, चाकाच्या खुर्च्या हळूहळू दिसायला लागल्या. ते चांगलंच झालं. पण आत्यासारख्या बायका आयुष्यात एकदा ताजमहाल बघतील, त्यांना दर सोमवारी जायचं असतं ते गावच्या महादेवाला.

'मूळ रूप' या शब्दापाशी माझं मन फार अडतं. मूळ रूप म्हणजे नेमकं कुठल्या सालचं? वेरूळचं घृष्णेश्वर घ्या. मालोजीराजे भोसल्यांनी त्याची दुरुस्ती केली, पुढे अहिल्याबाई होळकरांनी ते पुन्हा बांधवून घेतलं. आज आपण ज्याला प्राचीन म्हणून हात जोडतो ते बरंचसं त्यांचं देणं आहे. आणि अहिल्याबाई फक्त देऊळ बांधून थांबल्या नाहीत. घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. नदीत उतरताना म्हाताऱ्या माणसाचा पाय कुठे पडेल, लांबून आलेली बाई रात्री कुठे टेकेल, पाणी कुठे पिईल, हा सगळा विचार त्या बांधकामात आहे. वणीच्या सप्तशृंगीच्या पायऱ्या उमाबाई दाभाड्यांनी बांधवून घेतल्या. त्याआधी तो कडा कसा चढत असतील याची कल्पना करून बघावी. त्या पायऱ्या म्हणजे त्या काळातली सोयच होती. डोंगराच्या मूळ रूपाला धक्का लागतो म्हणून त्या बाईंना कुणी अडवलं असतं, तर आज लाखो माणसं तिथे पोचली नसती. सोय ही देवळाच्या परंपरेबाहेरची गोष्ट आहे असं जे आपण धरून चालतो, ते आपल्याच इतिहासाला धरून नाही.

वणीला आईबरोबर गेले होते तेव्हा मनात दोन्ही बाजू चांगल्याच झगडल्या. २०१८ पासून तिथे रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. आई लहानपणापासून त्या पायऱ्या चढत आलेली. ठरावीक पायरीवर थांबायचं, ठरावीक ठिकाणी हळद-कुंकू वाहायचं, दम लागला की देवीचं नाव घ्यायचं. ट्रॉलीनं आम्ही काही मिनिटांत वर पोचलो आणि ती गोंधळल्यासारखी झाली. "अगं, मन तयारच झालं नाही अजून," म्हणाली. मला ते मनापासून पटलं. चढणं हाही दर्शनाचा भाग आहे, आणि सोय झाली की तो भाग गळतो. पण त्याच ट्रॉलीत शेजारी एक गृहस्थ होते, दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. त्यांचं सगळं आयुष्य नाशिक जिल्ह्यात गेलं होतं आणि देवी ते पहिल्यांदाच बघणार होते. त्यांचं मन किती वर्षं तयार होतं कोण जाणे. माझ्या आईला पायऱ्या अजूनही मोकळ्या आहेत, तिला चढायचं तर तिनं चढावं. त्यांना दुसरी वाटच नव्हती. हे दोन तोटे एका पारड्यात घालता येत नाहीत. त्याच गडावर २०२२ च्या पावसाळ्यात मंदिर बंद ठेवून देवीच्या मूर्तीवरचं वर्षानुवर्षं साचलेलं शेंदराचं कवच काढलं गेलं आणि नवरात्रात लोकांनी मूळ मूर्ती पाहिली. कोरीव, रेखीव, अठरा हातांची. आईला ती सुंदर वाटली आणि तरीही ती म्हणाली, की मला माझी जुनीच आठवते. जपणुकीचं काम करणाऱ्यांनी हे वाक्यही ऐकायला हवं असं मला वाटतं. शेंदूर हा दगडाच्या दृष्टीनं थर असतो, बाईच्या दृष्टीनं ती तिच्या आईनं दाखवलेली देवी असते. शेंदूर काढणं योग्यच होतं. पण त्यात कुणाचं काहीच गेलं नाही असं म्हणता येणार नाही.

जपण्याच्या भरात काय होऊ शकतं हे अजिंठ्यानं आपल्याला शिकवलंय. १९२० ते १९२२ च्या सुमाराला निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले, लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला बसवला, ते काम मोलाचं होतं. पण चित्रांवर लाखेच्या वॉर्निशचा हात फिरवला गेला. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते बरोबरच होतं. पुढे ती लाख पिवळी पडली, काळवंडली, आकसून खवले धरू लागली, आणि रंगाला आपल्याबरोबर ओढू लागली. नंतरच्या रसायनतज्ज्ञांची कितीतरी वर्षं ती लाख उतरवण्यात गेली. म्हणून तर या क्षेत्रातली माणसं आता एकच आग्रह धरतात. जे काही कराल ते उद्या काढता आलं पाहिजे, आणि नवं काय नि जुनं काय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. स्मारकं कशी जपावीत हे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत तर स्पष्टच म्हटलंय, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे. खिद्रापूरच्या कोपेश्वरात स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळं आकाश आहे, भोवती ४८ खांब. तिथे उभं राहिलं की हे वाक्य पटतं. ते वर्तुळ कुणी उत्साहानं घुमट घालून 'पूर्ण' केलं असतं तर आपण काय गमावलं असतं! आणि अंदाज न करता किती मोठं काम होऊ शकतं ते चंबळच्या खोऱ्यात, मुरैन्याजवळच्या बटेश्वरला दिसतं. तिथली दोनशेच्या आसपास छोटी देवळं कोसळून दगडांचा ढीग झालेली होती. २००५ पासून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या के. के. मुहम्मद यांनी ते दगड एकेक करून ओळखले, कुठल्या दगडाची खाच कुठल्या दगडात बसते ते जुळवलं, आणि ऐंशीच्या आसपास देवळं त्यांच्याच दगडांनी पुन्हा उभी राहिली.

काढता आलं पाहिजे, ही कसोटी मी आमच्या गावच्या देवळाला लावून बघते. ऑइलपेंट घाईनं काढला तर दगड सोलवटतो. सिमेंट काढताना कडा तुटतात. फरशी उखडली तर खालचं जुनं पटांगण तिच्या मसाल्याला चिकटून येतं. शेडचे खांब काढले तरी भोकं राहतात. आणि लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा सुटा उतार? तो दोन माणसं उचलून बाजूला ठेवू शकतात, आणि खाली रबराच्या पट्ट्या घातल्या तर दगडाला ओरखडाही उठत नाही. छत्तीस फूट सरळ जागा नसेल तर मधे सपाट टप्पा घेऊन तो वळवता येतो, पुढून शोभत नसेल तर बाजूच्या दारानं नेता येतो. आपण ज्या एका गोष्टीला पुरातनतेच्या नावाखाली नाही म्हणतो, नेमकी तीच पुरातन दगडाला सगळ्यात कमी इजा करणारी आहे.

सगळीकडे सगळं जमेल असं मात्र नाही, आणि जमवायचा अट्टहास करू नये. अंबरनाथचं शिवमंदिर पाहा. इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं हे देऊळ. त्याचा गाभारा मंडपापेक्षा खाली आहे, विसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. वरून शिखर उघडं, उजेड झिरपत खाली येतो. तिथे उतार बसवायला जाल तर तो गाभारा राहणारच नाही. अजिंठ्याची गोष्टही तशीच. चिखल, भाताचं तूस, गवताचे धागे यांच्या गिलाव्यावर काढलेली ती चित्रं माणसांच्या श्वासातल्या ओलीनंसुद्धा खराब होतात. म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी चाळीसच माणसं सोडायची, दिवे मंद ठेवायचे, फ्लॅश बंद, मोटारी चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या फाट्यावरच थांबवायच्या. मला हे सगळं मान्य आहे. पहिल्या लेण्यात शिरल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही, मग डोळे सरावतात आणि बोधिसत्त्व पद्मपाणी अंधारातून सावकाश वर येतो, तेवढा वेळ द्यायलाच हवा. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांना तिथे डोलीवाले खुर्चीला बांबू बांधून चौघं मिळून उचलून नेतात. कष्टाचं, कसबाचं काम आहे ते. तरीही डोलीतून उतरलेल्या एका बाईंचा चेहरा मला आठवतो. चारचौघांच्या खांद्यांवर, सगळ्यांच्या नजरांमधून वर आल्यामुळे त्या इतक्या अवघडल्या होत्या, की लेणं बघायच्या आधी त्यांनी पदर सारखा करून भिंतीकडे तोंड केलं. जिथे मूळ जागी नेता येत नाही तिथे दुसरं काहीतरी तेवढ्याच मानानं द्यावं, एवढं तरी व्हावं. अजिंठ्याच्या पायथ्याशी १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती असलेलं अभ्यागत केंद्र उभारलं होतं, २०१३ साली ते सुरूही झालं. काही वर्षांतच पाणी-विजेच्या थकबाकीत ते बंद पडलं. मला या बातमीचं फार वाईट वाटलं होतं. मूळ चित्रांना हात लावायची कुणालाच मुभा नाही, ती नसावीच. पण प्रतिकृतीत अंध मुलाला खांबावर हात फिरवता आला असता, गिलाव्याचा खडबडीतपणा बोटांना कळला असता, म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसून तासभर छत बघता आलं असतं. दीड हजार वर्षांच्या चित्रांना विश्रांती देण्याचा तो सगळ्यात सरळ मार्ग होता.

आणि महाराष्ट्रात देऊळ खुलं करणं हा शब्द काही चाकांपुरता नाही. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. संतांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली. तिच्यासमोरच, देवळाच्या बाहेर, चोखोबांची समाधी. चोखोबांना ती पायरी ओलांडायची मुभाच नव्हती. नाशिकच्या काळारामासमोर डॉ. आंबेडकरांनी २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू केला, तो पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले तेव्हा विठ्ठलाचं दार सगळ्यांना मोकळं झालं. 'खालूनच हात जोडा, देव सगळीकडं असतो' हे वाक्य मला एवढं का लागलं, ते या ओळीत उभं राहिल्यावर उमगतं. आत्याला अडवणाऱ्या काकांच्या मनात तसला भाव मुळीच नव्हता, हे मी खात्रीनं सांगते. पण हेच वाक्य या भूमीत शतकानुशतकं कुणाकुणाला ऐकवलं गेलंय.

पंढरपुरातच जपणं आणि खुलं करणं यांची सगळ्यात अवघड गाठ पडते. विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवता येणं, हे आपल्या देवाचं वैशिष्ट्य. राजा असो, हमाल असो, सगळ्यांना पदस्पर्श. पण लाखो कपाळांनी आणि हातांनी पाषाणही झिजतो. म्हणून मूर्तीला वेळोवेळी वज्रलेप, म्हणजे झीज थोपवणारा लेप, करावा लागलाय. २०२४ मध्ये मंदिराच्या जतनाचं काम निघालं तेव्हा १५ मार्चपासून पदस्पर्श बंद ठेवून लांबून मुखदर्शन सुरू ठेवलं होतं. मागाहून बसवलेलं बरंच काही काढून आतला दगड उघडा केला गेला, कामादरम्यान एक तळघर सापडलं, त्यात मूर्ती निघाल्या, आणि जूनच्या सुरुवातीला पदस्पर्श पुन्हा सुरू झाला. उघड्या दगडांचे ते फोटो पाहून मला भरून आलं होतं. तो दगड ज्ञानोबा-नामदेवांच्या काळाच्या कितीतरी जवळचा.

पदस्पर्श कायमचा थांबवा असं मला म्हणवत नाही. ज्या आजीबाई रात्र-रात्र रांगेत उभ्या राहून एका क्षणासाठी डोकं टेकतात, त्यांना मूर्तिशास्त्र सांगायचा मला अधिकार नाही. तो जसा आहे तसाच चालू ठेवा असंही म्हणवत नाही, कारण झीज ही झीजच. एवढं मात्र मला स्वच्छ दिसतं. विश्रांती द्यायचीच झाली, तर ती सगळ्यांच्या हातांपासून द्यावी, ओळखीच्या आणि पासाच्या माणसांच्या हातांपासूनही. आणि दार उघडं असेल त्या दिवशी रांगेत उभं राहू न शकणाऱ्यांसाठी, खुर्चीतून येणाऱ्यांसाठी थेट गाभाऱ्यापर्यंत जाणारी एक वाट असावी, जी मागायला कुणाची चिठ्ठी लागणार नाही. देवळाचा आराखडा करणाऱ्यांनी दगडांची यादी करतात तशी पायऱ्यांचीही यादी करावी. कुठली पायरी कुणासाठी अडते, कुठे सुटा उतार बसेल, कुठे बसणारच नाही आणि मग तिथे काय करायचं. ही यादी करायला गवंडी बोलवावेत, आणि गावातली खुर्चीवरची, काठीवरची, डोळ्यांनी अधू असलेली माणसंही बोलवावीत. ठेकेदाराच्या आधी.